खारपाणपट्ट्यात घरच्या शेडमध्ये १९६८ ची फियाट रंगवायची आहे : पाणी, हंगाम आणि रंगाचा प्रकार याबाबत मदत हवी

नमस्कार.

आमच्याकडे १९६८ सालची फियाट ११०० डिलाइट आहे. वडिलांनी घेतली तेव्हापासून ती दर्यापूर तालुक्यातल्या आमच्या गावीच आहे. इंजिन आणि गिअरबॉक्सचे काम झालेले असून गाडी चालू स्थितीत आहे. आता जुना रंग पत्र्यापर्यंत काढून ती मुळापासून रंगवायची आहे आणि हे काम मला घरामागच्या टिनाच्या शेडमध्ये स्वतः करायचे आहे. फूटबोर्ड, दरवाजांचा खालचा भाग आणि डिक्कीचा तळ गंजलेला आहे. तेथील पत्रा कापून नवा जोडण्याचे काम मी जाणकार कारागिराकडूनच करून घेणार आहे, कारण या गाडीला वेगळी चासी नसते, सगळा भार बॉडीवरच असतो, आणि तिथे नवशिक्याने हात घालू नये असे माझे मत आहे.

पैसे वाचवणे हा यामागचा हेतू नाही. काही वर्षांपूर्वी शहरातल्या एका गॅरेजमधून गाडी रंगवून घेतली होती. हातात मिळाली तेव्हा ती आरशासारखी चमकत होती, पण दुसऱ्या पावसाळ्यानंतर बॉनेटवर आणि छतावर, जिथे गंजाचा मागमूसही नव्हता तिथे, बारीक बारीक फोड उठू लागले. त्यांतले काही सुईने उघडले तेव्हा आतून पाणी आले आणि खालचा पत्रा मात्र स्वच्छ निघाला. रंगाच्या खाली काय गेले आहे हे मालकाला कधीच दिसत नाही, म्हणून या वेळी प्रत्येक थर माझ्या डोळ्यांसमोर आणि माझ्या हातून चढावा असे वाटते.

माझा संशय पाण्यावर आहे. आमचा भाग पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात येतो. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या जिल्ह्यांत पसरलेल्या या पट्ट्यातील विहिरींचे आणि बोअरचे पाणी इतके खारे असते की त्यात साबणाला फेस येत नाही आणि बादली वाळली की तळाशी पांढरा थर उरतो. त्या गॅरेजमध्ये पुटी आणि प्रायमर घासताना बोअरचेच पाणी वापरले जात असल्याचे मी पाहिले होते. पिण्यासाठी आमच्याकडे शहानूर धरणाचे पाणी नळाने येते, परंतु ते साठवून पुरवून वापरावे लागते. गाडीच्या वॉटर-पेपरच्या (पाणी लावून घासायच्या कागदाच्या) कामाला भरपूर पाणी लागणार, तेव्हा माझा पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न असा की फोडांचे कारण खरोखरच हे खारे पाणी असू शकते का, आणि असल्यास घासण्यासाठी कोणते पाणी वापरावे?

दुसरा प्रश्न हंगामाचा. पावसाळ्यात दमट हवेमुळे हे काम होणार नाही, आणि मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ अंशांच्या वर जातो, त्यामुळे रंग पत्र्यावर पोहोचण्याआधीच त्यातला थिनर उडून जाईल. पाऊस संपला की सोयाबीनच्या मळणीचा धुराळा सुरू होतो. दिवाळीच्या सुमारास कापूस घरी येऊ लागतो आणि भाव बरा मिळेपर्यंत शेडला लागून असलेल्या खोलीत तो भरलेला राहतो. ओल्या रंगावर कापसाचे तंतू बसतील ही एक अडचण आहेच, पण थिनरच्या वाफा आणि कापसाने भरलेली खोली एकमेकांशेजारी असू नयेत ही त्याहून मोठी गोष्ट आहे. थंडीत पहाटे टिनाच्या पत्र्याला आतून दव सुटते आणि ते खाली टपकते. या सगळ्यांतून कापूस विकला गेल्यानंतरचा, म्हणजे फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंतचा काळच काय तो हाताशी राहतो. हा हिशेब बरोबर आहे का?

शेडला दोन्ही बाजूंनी जाड प्लास्टिक लावून बंद करण्याचा विचार आहे. घरात जुना मोठा कूलर पडून आहे. त्याचा पंखा शेडमधली हवा बाहेर काढण्यासाठी वापरता येईल का? जमीन मातीची आहे. धूळ बसावी म्हणून तिच्यावर पाणी शिंपडावे असे सगळेच सांगतात, पण आमचे पाणी वाळल्यावर जे पांढरे पीठ मागे उरते तेच पुन्हा उडेल अशी भीती वाटते.

कॉम्प्रेसर दोन एचपीचा, सिंगल फेजवर चालणारा मिळणार आहे. तीन फेजची वीज फक्त शेतातल्या पंपाच्या लाइनवर आहे आणि तीही ठरावीक तासच असते.

शेवटचा प्रश्न रंगाच्या प्रकाराचा. दुकानदार पीयू (हार्डनर मिसळून मारायचा पॉलियुरेथेन) रंग आणि त्यावर क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक थर, घ्यायला सांगतात, जुने पेंटर एनसी (नायट्रोसेल्युलोज), म्हणजे ड्युको, बरा म्हणतात. घरच्या शेडमध्ये, नवशिक्या हाताने, यांपैकी काय करणे शहाणपणाचे ठरेल? अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद १

नमस्कार दादा. अकोल्यात बरीच वर्षे डेंटिंग-पेंटिंगचे काम केले आहे, त्या अनुभवावरून लिहितो.

आपला संशय मला योग्य वाटतो. रंगाचा थर वरून बंद दिसला तरी पाण्याची वाफ त्यातून अगदी सावकाश आत जातच असते. थराखाली मीठ राहिले असेल तर ते ही ओल स्वतःकडे ओढून घेते, तिथे खारे पाणी साचते, त्याचा दाब वाढतो आणि वरचा रंग फुगतो. पत्रा स्वच्छ आणि फोडात पाणी हे याचेच लक्षण आहे. उन्हाळाभर काही दिसत नाही आणि पावसाळ्यानंतर फोड उठतात, कारण ओल तेव्हाच मिळते.

यावर उपाय दोन टप्प्यांत करावा लागतो. जिथे पाण्याची गरजच नाही तिथे ते वापरूच नये. उघडा पत्रा आणि पॉलिएस्टर पुटी या दोन्ही गोष्टी कोरड्याच घासायच्या असतात. पुटी पाणी शोषून घेते आणि एकदा शोषलेले पाणी वरून प्रायमर मारल्यावर आतच कोंडले जाते. गॅरेजमध्ये पुटीवर पाणी ओतून घासतात, कारण धूळ उडत नाही आणि कागद लवकर भरत नाही, पण ती सवय चुकीची आहे. पुटीला आधी ८० नंबरचा कागद, मग १८० आणि शेवटी ३२० वापरावा. ओले काम फक्त सरफेसरवर, म्हणजे रंगाआधी मारून घासून गुळगुळीत करायच्या थरावर, करावे, ६०० नंबरच्या वॉटर-पेपरने, आणि त्यासाठी गावातल्या आरओ प्लँटचे जारचे पाणी घ्यावे. आरओ मशीनमधून वाया जाणारे पाणी चुकूनही घेऊ नये, कारण सगळे क्षार त्यातच जमा झालेले असतात. पावसाचे पाणी टिनावरून टाकीत घेण्याची सोय असेल तर तेही उत्तम. पहिल्या एक-दोन पावसांचे पाणी मात्र सोडून द्यावे.

टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजण्याचे पेनासारखे यंत्र स्वस्त मिळते, ते अवश्य घ्या. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात ५०० मिलिग्रॅम प्रति लिटर ही इष्ट मर्यादा आहे. आपल्या कामासाठी पाणी त्याच्याही बरेच खाली असावे. याच यंत्राने पत्राही तपासता येतो. बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये स्वच्छ कापूस भिजवून पत्र्याचा वीतभर भाग पुसावा, तो कापूस पुन्हा थोड्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये पिळावा आणि आकडा पाहावा. कोऱ्या पाण्याच्या तुलनेत आकडा ठळकपणे वाढला तर पत्रा अजून धुवायचा आहे. जिथे गंजाचे खड्डे होते तिथे हे तपासणे विशेष गरजेचे आहे, कारण मीठ त्या खड्ड्यांत दडून बसते. धुतल्यावर पत्रा लगेच कापडाने कोरडा करून गरम हवेने वाळवावा आणि त्याच दिवशी एपॉक्सी प्रायमर मारावा. उघडा पत्रा रात्रभर ठेवू नये. रेड ऑक्साइड प्रायमर ओल आत जाऊ देतो, म्हणून पहिला थर एपॉक्सीचाच असू द्या आणि पुटी त्याच्यावर भरा.

जुना रंग काढण्याआधी एक चाचणी करा. पांढरे फडके एनसी थिनरमध्ये भिजवून दिसणार नाही अशा जागी घासावे. रंग फडक्याला लागून विरघळला तर तो एनसी, सुरकुत्या पडून वर आला तर सिंथेटिक इनॅमल, आणि काहीच झाले नाही तर हार्डनरवाला पीयू समजावा. आपण सगळा रंग काढणार असलात तरी दरवाजांच्या आत किंवा इंजिनच्या कप्प्यात जिथे जुना थर ठेवाल तिथे हे कामाला येईल, कारण सिंथेटिकवर थेट एनसी मारला की तो खालच्या थराला उचलतो.

१९६८ च्या गाडीच्या मूळ थरांत शिसे असू शकते, विशेषतः पिवळ्या, केशरी आणि लाल छटांत. ही धूळ मुलांपासून आणि गोठ्यापासून लांब ठेवा. गुरे रंगाचे पोपडे चाटतात आणि त्यातून त्यांना विषबाधा होते, कडबा-कुटारावर ही धूळ बसली तरी तेच होईल. पीयू-एनसीच्या निवडीइतकीच ही गोष्ट गंभीरपणे घ्या.

आता रंगाचा प्रकार. घरच्या शेडमध्ये पीयू मारू नका, असे मी स्पष्टपणे सांगेन. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते. फवारणीतून ते फुप्फुसात गेले की दमा जडू शकतो, आणि एकदा शरीराला त्याची ॲलर्जी झाली की पुढे अगदी थोड्या मात्रेनेही झटका येतो. धोक्याच्या पातळीला पोहोचले तरी त्याचा वास येत नाही, म्हणून मास्कचे कार्ट्रिज (वाफा शोषणारी डबी) संपले हेसुद्धा कळत नाही. त्यासाठी बाहेरून नळीने शुद्ध हवा पुरवणारा मुखवटा लागतो. साध्या कापडी किंवा धुळीच्या मास्कचा येथे काहीच उपयोग नाही. माझ्याबरोबरीच्या कारागिरांची छाती कशाने गेली हे मी जवळून पाहिले आहे, म्हणून हे इतक्या आग्रहाने लिहितो.

आपल्यासाठी एनसी योग्य. गाडी ज्या काळातली आहे त्या काळी हाच रंग सर्रास वापरला जाई, त्यामुळे तो तिला शोभेल. तो केवळ थिनर उडून वाळतो, काही मिनिटांतच धूळ धरेनासा होतो, आणि बसलेला तंतू किंवा ओघळ दुसऱ्या दिवशी घासून पुन्हा मारता येतो. नवशिक्या हाताला एवढी सवलत दुसरा कोणताही रंग देत नाही. थर बरेच द्यावे लागतात, शेवटी १५०० आणि २००० नंबरचा कागद व रबिंग कंपाउंडने चमक काढावी लागते, आणि पेट्रोल सांडले तर डाग पडतो, हे मात्र मान्य करून चालावे. ऑरगॅनिक व्हेपर कार्ट्रिजचा मास्क आणि हातमोजे एपॉक्सी व एनसी दोन्हींसाठी लागतीलच.

हंगामाचा आपला हिशेब बरोबर आहे. दमट हवेत थिनर उडताना पत्रा गार होतो, त्यावर ओल धरते आणि एनसी दुधासारखा पांढरा पडतो. म्हणून टिनाचे दव पूर्ण वाळल्यानंतर, सकाळी अकराच्या पुढे, काम सुरू करावे आणि ऊन उतरण्याआधी थांबवावे.

कूलरच्या पंख्याने वाफा बाहेर ओढू नका. त्याची मोटार आणि स्विच अशा वाफांसाठी बनवलेले नसतात, एक ठिणगी पुरेशी होईल. पंखा उलट बाहेर, मोकळ्या हवेत ठेवा, पाणी आणि गवताच्या जाळ्या काढून टाका, तोंडाला दुहेरी सुती कापड बांधा आणि स्वच्छ हवा आत ढकला. समोरच्या बाजूला जमिनीलगत मोठी जागा उघडी ठेवा, कारण थिनरच्या वाफा हवेपेक्षा जड असतात आणि खाली साचतात. एनसीची वाळलेली भुकटीही भुरकन पेट घेते, त्यामुळे फडकी पाण्याच्या बादलीत टाकावीत आणि जमिनीवरची भुकटी रोज ओली करून उचलावी. जमिनीबद्दल आपली भीती रास्त आहे. पाणी शिंपडण्यापेक्षा जाड ताडपत्री अंथरावी.

दोन एचपीच्या कॉम्प्रेसरवर मोठी एचव्हीएलपी (कमी दाबाने भरपूर हवा सोडणारी) फवारणीची गन चालणार नाही, तिला हवा फार लागते. १.३ किंवा १.४ मिलिमीटर नोझलची कमी हवेवर चालणारी गन घ्या, सरफेसरसाठी १.८ चे नोझल वेगळे ठेवा, आणि एका वेळी एकच पॅनेल करा. कॉम्प्रेसर शेडबाहेर ठेवून मधे लांब लोखंडी पाइप उताराने टाकला की हवेतली ओल वाटेतच सुटते. उरलेली अडवण्यासाठी गनच्या अलीकडे मॉइश्चर ट्रॅप (ओल अडवणारा फिल्टर) लावा.

प्रतिसाद २

तांत्रिक माहिती वर आलीच आहे, मी फक्त कागदपत्रांचे सांगतो. नोंदणी प्रमाणपत्रावर जो रंग लिहिला आहे तोच द्यायचा असेल तर प्रश्न नाही. रंग बदलायचा असल्यास आरटीओची परवानगी घेऊन तशी नोंद करून घ्यावी लागते. गाडीला ५० वर्षे उलटली असल्याने २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे व्हिंटेज नोंदणीही करता येते. तिचे शुल्क २०,००० रुपये असून ती १० वर्षांसाठी असते आणि नव्या क्रमांकात व्हीए ही अक्षरे येतात. मात्र तशी नोंदणी केल्यावर गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. दर्यापूरच्या बाजाराला ती न्यायची असेल तर हा मार्ग घेऊ नका.

धागाकर्ता

दोघांचेही मनःपूर्वक आभार. पीयूचा विचार सोडला आहे. टीडीएसचे यंत्र मागवले आहे, आणि गोठ्यातली जनावरे घासण्याचे काम चालेल तोवर भावाच्या मळ्यात बांधण्याचे ठरवले आहे. व्हिंटेज नोंदणी करणार नाही, कारण गाडी चालती राहावी हीच इच्छा आहे.

आता एकच गोष्ट अडते. डॅशबोर्डच्या मागे आणि दरवाजाच्या रबराखाली कारखान्यातला मूळ फिकट राखाडी-निळा रंग शाबूत आहे, आणि नोंदणी प्रमाणपत्रातही तोच रंग आहे. ऊन न लागलेला तेवढा तुकडा पाहून छटा जुळवून घ्यायची आहे. मी विचारले त्या दुकानांत यंत्रावर छटा जुळवून मिळते, पण ती पीयूमध्येच. अकोला, अमरावती किंवा मूर्तिजापूर येथे एनसीमध्ये हाताने छटा जुळवून देणारे जुने कारागीर अजून काम करतात का? नमुना म्हणून त्यांना रबराखालचा भाग दाखवायला गाडीच न्यावी लागेल, की ग्लोव्ह बॉक्सचे झाकण काढून नेले तरी चालेल?