८९६ मिळवा, झालं! असला कोड चारचौघांत आणायचा का?

उद्यमबागकर: काल इथल्या एका ज्येष्ठांनी लिहिलं, "अर्धाकच्चा कोड चारचौघांत मांडू नये, आधी सहा महिने दुसऱ्यांचा वाचावा." नाव घेतलं नाही, खरं रोख माझ्यावर. रविवारी बेळगावात, टिळकवाडीतल्या आपल्या बैठकीत मी देवनागरी अक्षरांची कन्नड अक्षरं करणारा कोड दाखवला. चाळीस ओळी. युनिकोड म्हणजे संगणकात प्रत्येक अक्षराला नंबर देणारा तक्ता. त्यात षोडशमान आकड्यांत आपला 'क' ०९१५ वर, कन्नडचा ०सी९५ वर, नेहमीच्या दशमानात फरक ८९६. दोन्ही लिपींचे तक्ते इस्की या भारतीय लिपींच्या जुन्या संगणकी तक्त्यावरून आले, म्हणून बहुतेक अक्षरांना ८९६ मिळवले की लिपी बदलते. या कल्पनेवर कुणी चकार शब्द काढला नाही. "व्हेरिएबलची नावं काय ही?" एवढ्यातच वीस मिनिटं गेली.

जुनाखोड: रोख तुझ्यावरच होता. 'डॉक्टर' टाकून बघितलंस? ॉ अधिक ८९६ ही जागा कन्नडात रिकामी आहे. दवाखान्याच्या पाटीवर चौकोन उमटेल. हे घरी पाच मिनिटांत सापडलं असतं.

उद्यमबागकर: मग हेच रविवारी सांगायचं की!

खानापूरची: उलटं करून बघा. कन्नडात ऱ्हस्व ए वेगळा असतो. पाटीवरच्या गावाच्या नावातून ८९६ वजा केले तर 'बॆळगावि' येतं. ती मात्रा मराठीत कोण लिहितं?

सीमावासी: बेळगावि कुठलं? गाव बेळगाव. १ नोव्हेंबर २०१४ ला कागदावर बदललं म्हणून आम्ही जीभ बदलायची?

निपाणीकर: आला का हा! धागा कोडचा आहे रे.

सीमावासी: मराठीचं कन्नड करायचं यंत्र आपणच बनवून द्यायचं, आणि मी गप्प बसू? आजोबांच्या जमिनीचा उतारा कन्नडात. स्वतःचं नाव बरोबर लिहिलंय का ते बघायला शेजाऱ्याला धरून न्यायचे.

निपाणीकर: काय बोलूलालास? उलटा चालवला तर तोच कोड उतारा वाचून देईल ना!

सीमावासी: अक्षरं वाचून देईल. अर्थ कोण सांगणार, तुझा काका?

उद्यमबागकर: आईला बसची पाटी वाचता येत नाही म्हणून लिहिला मी. पाटीवर गावाचं नाव असतं, अर्थ लागत नाही.

सीमावासी: …बसपुरतं चालेल.

निपाणीकर: मूळ मुद्दा. पहिल्या नोकरीत माझ्या पहिल्या कोडवर पंचेचाळीस शेरे आले, त्यातले तीसेक मोकळ्या जागांवर. त्यानंतर दोन वर्षं मी कुणाला काही दाखवलं नाही.

जुनाखोड: कातडी जाड करा. १९९२ साली तानेनबाउमसारख्या प्राध्यापकानं लिनक्स ही संगणक प्रणाली कालबाह्य ठरवली होती. ती लिहिणारा टोरवाल्ड्स रडत बसला नाही, भांडला.

खानापूरची: त्याच टोरवाल्ड्सनं २०१८ मध्ये आपल्या तिखट बोलण्याची माफी मागितली, तेही सांगा की. सोयीचं तेवढंच आठवतं तुम्हाला.

जुनाखोड: बरं बाई. ८९६ ची कल्पना टाकाऊ नाही. 'अ', 'अअ' आणि 'अअअ' ही व्हेरिएबलची नावं मात्र टाकाऊच.

उद्यमबागकर: बदलली, महाराज. ॉ च्या जागी काना लावला. आता 'डाक्टर' येतंय.

सीमावासी: कन्नडात डाक्टरच म्हणतात.

खानापूरची: म्हणतात, खरं शेवटच्या र चा पाय मोडून लिहितात. तुझ्या पाटीवर ते 'र'चा पूर्ण उच्चार करतील. आपण शेवटचा अ गिळतो, ते गिळत नाहीत.

उद्यमबागकर: म्हणजे प्रत्येक शब्दाच्या शेवटी हलन्त?

खानापूरची: प्रत्येक नाही, तिथंच तर गोम आहे.

जुनाखोड: रविवारी आण. टेस्टसकट.