काम आवडतं, पण रविवारी संध्याकाळपासूनच पोटात गोळा येतो. सोडू की टिकून राहू?

रेवा१७
थोडं मोठं होईल, सॉरी. दीड वर्षापूर्वी ही नोकरी घेतली तेव्हा इंटरव्ह्यूमध्ये सांगितलं होतं की आमचे रिपोर्ट जुनाट झालेत, तू ये आणि सुधार. आले, आणि महिन्याभरात कळलं की इथे कुणालाच काही सुधारायचं नाहीये. दर सोमवारी एक मोठी एक्सेल शीट जाते, त्यात ग्राहकाकडून परत आलेला माल दोनदा मोजला जातो, फॉर्म्युलाच चुकीचा आहे. मी मॅनेजरना स्क्रीनवर दाखवलं तर म्हणाले, "आपल्याकडे हे आधीपासून असंच आहे, तू नको हात लावूस." दोन महिन्यांनी तीच चूक एका ग्राहकाने पकडली, आणि सरांचा मेल आला, "संबंधितांनी तपासायला हवं होतं." 'संबंधितांनी' असं लिहिलेलं, पण टू मध्ये फक्त माझं नाव आणि सीसीमध्ये सगळी टीम. त्या दिवशी मी वॉशरूममध्ये जाऊन रडले.

बाकी रोजचं म्हणजे दुसऱ्या डिपार्टमेंटला दोन ओळींचा मेल पाठवायचा तरी ड्राफ्ट आधी सरांना दाखवायचा, तो त्यांच्याकडे दोन दोन दिवस पडून राहतो, मग एखादा शब्द बदलून परत येतो आणि तोवर समोरचा फोन करून मलाच ओरडतो. सकाळी एक मिनिट उशीर झाला की लेट मार्क, पण आदल्या रात्री साडेआठपर्यंत बसले होते ते कुठेच धरत नाहीत. घरचे म्हणतात नोकरी म्हटली की हे चालायचंच. मी खरंच जास्त मनाला लावून घेतेय का?

अवधूत_क
अजिबात नाही, आणि हे तुम्हाला बरं वाटावं म्हणून लिहीत नाहीये. माझ्या अभ्यासाचा विषय आहे म्हणून सांगतो. कामाच्या ताणावर संशोधन करणारे रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ मध्ये मांडलं होतं की नुसतं काम जास्त असण्यापेक्षा, काम जास्त आणि ते कसं करायचं हे ठरवण्याची मुभा कमी, ही जोडी माणसाला जास्त पिळते. पुढे ब्रिटनमधल्या सरकारी कर्मचाऱ्यांचा व्हाइटहॉल नावाचा मोठा अभ्यास झाला, त्याचा दुसरा टप्पा १९८५ मध्ये मायकेल मार्मट यांच्या नेतृत्वाखाली सुरू झाला, १० हजारांहून जास्त लोक होते त्यात. ज्यांना स्वतःच्या कामावर ताबा कमी होता त्यांच्यात हृदयविकाराचं प्रमाण जास्त निघालं. त्यामुळे "चालायचंच" म्हणणाऱ्यांना नम्रपणे सांगा की हे शरीरावरही येतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची व्याख्या दिली, ती आजार म्हणून नाही, कामाशी जोडलेली अवस्था म्हणून. थकवा, कामाबद्दल तुटलेपण, आणि आपल्या हातून नीट काही होत नाही असं वाटणं, या तीन गोष्टी त्यात आहेत. यातलं तिसरं सुरू झालंय का ते बघा, कारण ते आलं की माणूस दुसरी नोकरी शोधायलाही धजत नाही.

जुनामॅनेजर
मी चार वर्षं असाच मॅनेजर होतो, म्हणून लिहावंसं वाटलं. टीमचा प्रत्येक मेल आधी मी वाचायचो, कारण एकदा एका मेलवरून माझ्या वरच्यांनी मला सगळ्यांसमोर झापलं होतं आणि तेव्हापासून मी कुणावरच विश्वास टाकला नाही. चूक माझीच होती, त्याचा त्रास बाकीच्यांनी भोगला. माझ्या टीममधल्या एकीने एक दिवस येऊन सांगितलं, "मालाच्या तारखांचे मेल मी थेट पाठवते, दर शुक्रवारी तुम्हाला यादी देते, महिनाभर बघा." सगळेच मेल थेट पाठवते म्हणाली असती तर मी नाहीच म्हटलं असतं, पण एवढ्याशा गोष्टीला नाही म्हणायला मला कारण सापडेना. महिन्यानंतर ती यादी बघायचीही मला गरज वाटली नाही. तसं काहीतरी मागून बघ. पण तो सीसीवाला मेल वेगळा आहे बेटा, घाबरलेला माणूस मेल अडवून ठेवतो, पण स्वतःला माहीत असलेली चूक दुसऱ्याच्या नावावर टाकणं हे भीतीतून होत नाही. तिथे सावध राहा.

मीनल_दूर
मी वरच्या काकांशी सहमत नाही, म्हणजे त्यांनी मोकळेपणाने लिहिलं ते आवडलं, पण मॅनेजर सुधारायची जबाबदारी हिच्यावर का? मी तीन वर्षं वाट बघितली होती, आज ना उद्या बदलेल म्हणून, आणि शेवटी मीच गप्प गप्प व्हायला लागले. रेवा, तू शोधायला लाग, पण हातात ऑफर लेटर आल्याशिवाय राजीनामा देऊ नकोस, नोटीस पीरियड किती आहे तेही आत्ताच बघून ठेव. तोवर तोंडी काहीही ठरलं की लगेच स्वतः मेल टाकायचा, "आत्ता बोलल्याप्रमाणे फॉर्म्युला तसाच ठेवतेय." एवढी एक ओळ पुरते. आणि कंपनीच्या फाइली स्वतःच्या पर्सनल मेलवर पाठवू नकोस हां, त्यात तूच अडकशील, तारखा वहीत लिहून ठेव. पुढच्या इंटरव्ह्यूमध्ये विचार की गेल्या वर्षभरात टीममधल्या कुणी सुचवलेलं काय बदललं. मी विचारलं होतं, एका ठिकाणी समोरचे दोघं एकमेकांकडे बघत बसले, तिथे मी गेले नाही.

रेवा१७
सगळ्यांचे मनापासून आभार, दोनदा वाचलं. अवधूतजी, तिसरं सुरू झालंय बहुतेक, परवा साधी बेरीज मी चार वेळा तपासली. मीनलताई, तुम्ही लिहिलंत म्हणून जुने मेल शोधले, त्या फॉर्म्युलाबद्दल मी तेव्हा तोंडीच बोलले होते, लेखी काहीच नाही. काका, मेलचं शुक्रवारी विचारते, एकाच प्रकारच्या मेलपुरतं. रेझ्युमे काल रात्री उघडला आणि अर्धा लिहून झाला. आणि ज्या ग्राहकाने तक्रार केली फक्त त्याचेच आकडे हाताने दुरुस्त केलेत, बाकी सगळ्यांच्या शीटमध्ये या सोमवारीही माल दोनदाच मोजला गेलाय, तर आज त्याबद्दल मेल स्क्रीनशॉट लावून सरांना पाठवला.