पेरोव्हस्काइट उत्प्रेरकांमुळे डिझेल गाड्यांची युरियाची टाकी टळू शकेल का?

शर्वरी

नमस्कार. मी रसायनशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात शिकते. प्रकल्पासाठी धुरातील नायट्रोजन ऑक्साइडांचे विघटन करणारे पेरोव्हस्काइट (ठराविक स्फटिकरचनेचे, दोन धातूंचे ऑक्साइड) उत्प्रेरक हा विषय घ्यावा, असे मनात आहे. नायट्रिक ऑक्साइडचे नायट्रोजन आणि ऑक्सिजन होताना ऊर्जा बाहेर पडते, म्हणजे ऊष्मागतिकीच्या नियमाप्रमाणे हा वायू आपण होऊन मोडायला हवा. असे असताना बीएस-६ (भारतातील वाहनधुराची मानके) च्या ट्रक आणि बसगाड्यांना हा वायू नष्ट करण्यासाठी ३२.५ टक्के युरियाच्या द्रावणाची वेगळी टाकी का वागवावी लागते? लँथॅनम कोबाल्टाइट हे पेरोव्हस्काइट प्लॅटिनमपेक्षा कितीतरी स्वस्त आहे. ते हे काम थेट करू शकणार नाही का? जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

मोरचूद

शर्वरीताई, प्रश्न अगदी मुळाशी जाणारा आहे. दोन मोल नायट्रिक ऑक्साइड मोडताना सुमारे १८० किलोज्यूल ऊर्जा बाहेर पडते हे खरे, पण उत्प्रेरकाशिवाय त्या अभिक्रियेची सक्रियण ऊर्जा, म्हणजे ती सुरू होण्यासाठी ओलांडावा लागणारा ऊर्जेचा अडसर, सुमारे ३६४ किलोज्यूल प्रतिमोल आहे, त्यामुळे हा वायू नुसता ठेवला तर जसाच्या तसा राहतो.

पेरोव्हस्काइटमध्ये दोन धातूंच्या दोन वेगळ्या जागा असतात. लँथॅनम कोबाल्टाइटमधील थोड्या लँथॅनमच्या जागी स्ट्रॉन्शियम बसवले की धन प्रभार एकाने कमी होतो, आणि तो तोल सांभाळण्यासाठी काही कोबाल्ट अणूंची संयुजा वाढते किंवा स्फटिकजालातील काही ऑक्सिजन निघून जाऊन जागा रिकाम्या होतात. या रिकाम्या जागांवरच नायट्रिक ऑक्साइडचा रेणू आपला ऑक्सिजन टेकवतो. असे दोन रेणू शेजारी आले की त्यांचे नायट्रोजन अणू जोडीने निघून जातात. इथवर सारे सुरळीत चालते. अडते ते पुढे: मागे राहिलेला ऑक्सिजन जागा सोडत नाही. तो हाकलण्यासाठी तापमान फार वाढवावे लागते, आणि म्हणूनच बेरियम मँगनेटवर आधारलेल्या चांगल्या उत्प्रेरकांनाही ८०० ते ८५० अंश सेल्सिअस लागतात.

शिवाय डिझेलच्या धुरात ऑक्सिजन मुळातच भरपूर असतो. समजा तो १० टक्के आहे आणि नायट्रिक ऑक्साइड दहा लाखांत ५०० भाग, तर नायट्रिक ऑक्साइडच्या एका रेणूमागे ऑक्सिजनचे २०० रेणू त्याच रिकाम्या जागेवर हक्क सांगायला उभे असतात. युरियापासून मिळणारा अमोनिया ही अडचणच बाजूला सारतो, कारण तो ऑक्सिजनला पाण्याच्या रूपाने घेऊन जातो. माझ्या मते केवळ थेट विघटनाच्या भरवशावर टाकी काढून टाकण्याची आशा आज धरू नये.

धुराडे

मी इंजिनांच्या धूर-चाचण्यांच्या कामात आहे, म्हणून तापमानाविषयी लिहितो. थांबत-थांबत धावणाऱ्या शहरी बसचा धूर उत्प्रेरकापाशी पोहोचेपर्यंत बऱ्याचदा २५० अंशांच्याही खाली असतो. ८०० अंशांची गोष्टच दूर. सुमारे २०० अंशांखाली युरिया फवारला तर त्याचे पांढरे खडे नळीत जमतात, म्हणून अशा वेळी फवारणीच थांबवावी लागते.

पेरोव्हस्काइटचा खरा उपयोग मला इथे दिसतो. धुरातील नायट्रिक ऑक्साइडचा काही भाग आधीच नायट्रोजन डायऑक्साइडमध्ये बदलला, तर दोन्ही समप्रमाणात असताना अमोनियाशी होणारी अभिक्रिया कमी तापमानालाही वेगाने होते आणि धुराच्या गाळणीतील काजळीही लवकर जळते. आज हे काम प्लॅटिनम करते. स्ट्रॉन्शियम मिसळलेले लँथॅनम कोबाल्टाइट या बाबतीत व्यापारी प्लॅटिनम उत्प्रेरकाच्या पुढे गेल्याचे जनरल मोटर्सच्या संशोधकांनी २०१० मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात दाखवले होते.

मात्र गंधकाचा विसर पडू देऊ नका. बीएस-६ डिझेलमध्ये त्याची मर्यादा दहा लाखांत १० भाग आहे, ती बीएस-४ मध्ये ५० होती. १० ही मर्यादा नगण्य वाटते, पण १०,००० लिटर डिझेल जळेपर्यंत जास्तीत जास्त सुमारे ८३ ग्रॅम गंधक उत्प्रेरकावरून जाऊ शकते. त्यातला थोडा जरी स्ट्रॉन्शियमशी जोडला गेला तरी तिथे स्ट्रॉन्शियम सल्फेट तयार होते, आणि ते सहजासहजी मोडत नाही.

शर्वरी

दोघांचेही मनापासून आभार. मग थेट विघटनाऐवजी नायट्रिक ऑक्साइडचे ऑक्सिडीकरण हाच विषय घेते. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत हा पदार्थ करता येईल का? आणि मोजमापात कोणती काळजी घ्यावी?

मोरचूद

नक्की करता येईल. धातूंची नायट्रेटे आणि सायट्रिक आम्ल पाण्यात विरघळवून मंद आचेवर आटवा. कोबाल्टमुळे गुलाबी दिसणारे द्रावण घट्ट होत जाते आणि शेवटी फेसासारखे फुगून सच्छिद्र होते; ते ७०० अंशांच्या आसपास भाजले की काळी पूड मिळते. आटवताना तपकिरी विषारी वायू निघतो आणि कोबाल्टचे क्षारही घातक आहेत, तेव्हा धूरकक्षाबाहेर हे काम करू नये. भट्टीचे तापमान गरजेपेक्षा वाढवू नका, कारण कण एकमेकांत वितळून पृष्ठफळ घटते. या पदार्थांचे पृष्ठफळ बहुधा ग्रॅममागे १० ते २० चौरस मीटरच भरते, तर नेहमीच्या ॲल्युमिना आधाराचे १५० च्या वर असते. नागपूरच्या नीरी (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था) मध्ये डिझेलच्या धुरासाठी अशा उत्प्रेरकांवर काम झालेले आहे, ते शोधनिबंध आधी वाचावेत.

मोजमापाबाबत माझा एक आग्रह आहे. केवळ नायट्रिक ऑक्साइड कमी झाला म्हणून अभिक्रिया झाली असे धरू नका. तो पृष्ठभागावर नुसता चिकटून बसलेला असू शकतो. बाहेर पडणारा नायट्रोजन डायऑक्साइड स्वतंत्रपणे मोजा, नळीत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या नायट्रोजनचा हिशेब जुळेपर्यंत तापमान स्थिर ठेवा, आणि पुढे कधी थेट विघटनाकडे वळलात तर तयार झालेला नायट्रोजन वायूच मोजा. त्यासाठी वाहक वायू नायट्रोजनऐवजी हेलियम घ्यावा लागेल. शिवाय कोरड्या वायूवरील आकड्यांवर थांबू नका. किमान एक प्रयोग ५ ते १० टक्के पाण्याची वाफ मिसळून करा.

धुराडे

सहमत. त्याच पुडीवर गंधक डायऑक्साइड सोडल्यानंतर पहिला प्रयोग पुन्हा करा आणि दोन्ही आलेख एकाच कागदावर काढा. प्रकल्पाच्या परीक्षकांना, आणि आम्हालाही, तोच कागद पाहायला आवडेल.