जामनगरची गाईडेड पक्षी सहल – बाबांना (वय ६९) घेऊन जावं का?

खाडीकाठ
नमस्कार मंडळी, जरा सल्ला हवाय. इथल्या एका ग्रुपची जामनगरची चार दिवसांची बर्डिंग ट्रिप आहे, ९ ते १२ जानेवारी. पहिल्या दिवशी पोचल्यावर दुपारी खिजडियाचं पक्षी अभयारण्य, दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्ता करून नरारा (समुद्रकाठी, ओहोटीला प्रवाळ दिसतात ती जागा), तिसऱ्या दिवशी द्वारकेच्या बाजूला चरकलाची मिठागरं, चौथ्या दिवशी परत खिजडिया आणि संध्याकाळी लाखोटा तलाव बघून गाडी. माणशी साडेअठरा हजार, रेल्वेचं तिकीट आपलं आपण.

मला बाबांना न्यायचंय. आई गेल्यापासून त्यांनी घराबाहेर पडणंच सोडलं होतं, गेल्या हिवाळ्यात मी त्यांना ऐरोलीला बोटीतून रोहित दाखवायला नेलं आणि तेव्हापासून रोज सकाळी दुर्बीण घेऊन गच्चीत असतात, वहीत लिहून ठेवतात, मला ऑफिसात फोन करून सांगतात की आज तांबट दिसला म्हणून. त्यांना क्रॅब प्लोव्हर, म्हणजे खेकडे खाणारा काळापांढरा किनारी पक्षी, बघायचाय. तो आपल्याकडे सहजासहजी दिसत नाही आणि कच्छच्या आखातात हमखास असतो असं वाचलं. पण त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन दीड वर्षच झालंय, सपाट रस्त्यावर तास-दीड तास आरामात चालतात, खडबडीत जागी कितपत जमेल माहीत नाही. शिवाय ग्रुपमधले बहुतेक जण मोठ्या लेन्सवाले आहेत, आमच्याकडे नुसत्या दुर्बिणी. अशा ग्रुपमध्ये आमच्याकडे कोण लक्ष देणार? की आपली आपण गाडी करून जावं? कुणी गेलं असेल तर मोकळेपणानं सांगा.

सुरय
ताई, बाबांना नक्की न्या, पण पैसे भरायच्या आधी कॅलेंडर उघडून तिथी बघा. मी हे कळकळीनं सांगतोय कारण आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा आयोजकांनी तारखा ठरवल्या होत्या त्या लोकांच्या सुट्ट्या बघून, समुद्राकडे कुणी बघितलंच नव्हतं. साडेदहाला नराऱ्याला पोचलो तर पाणी काठापर्यंत आलेलं, पक्षी म्हणजे लांब एक पांढरट रेघ, आणि तासाभरात चला चला सुरू कारण हॉटेलात जेवण सांगून ठेवलेलं. माझ्या मुलीनं आयुष्यात पहिल्यांदा प्रवाळ बघायचं म्हणून आठवडाभर वाट बघितली होती, तिला काहीच दिसलं नाही.

तुमचा नराऱ्याचा दिवस १० तारीख, म्हणजे सप्तमी. आपल्या कोकणातला हिशेब माहीत असेल, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. सप्तमीला सव्वापाच, आणि ओहोटी त्यानंतर सहा तासांनी. कच्छच्या आखातात पाणी आत शिरायला वेळ लागतो म्हणून तिकडे हे सगळं आणखी उशिरा, म्हणजे ओहोटी भर दुपारी आणि तीसुद्धा भांगाची, पाणी फारसं मागे हटतच नाही. नाश्ता करून सकाळी गेलात तर अर्धवट पाण्यात उभे राहाल. पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास उलट असतं, उधाणाचं पाणी, ओहोटी सकाळच्या उन्हात मिळते आणि खडक दूरवर उघडे पडतात.

आणि परत निघायची घाई करू नका!! प्रवाळ बघायला ओहोटी, पण पक्षी बघायला पाणी वळल्यानंतरचा वेळ. ओहोटीला ते किलोमीटरभर चिखलात पांगलेले असतात. भरती चढायला लागली की पाणीच त्यांना तुमच्याकडे ढकलत आणतं, तुम्ही एका जागी शांत बसायचं, बस. दुसऱ्या वेळी आम्ही असेच बसलो होतो, आधी तुतारी आणि चिखल्यांचे छोटे थवे, मग गॉडविट, कोरल (कर्ल्यू), ऑयस्टरकॅचर, आणि मग काळेपांढरे क्रॅब प्लोव्हर, चाळीसेक असतील, चालत चालत आले, उडत नाही, चालत. त्यांची ती जाड काळी चोच साध्या डोळ्यांनी दिसत होती. तो दीड तास मी विसरणार नाही.

आयोजकांना सरळ विचारा की नराऱ्याची वेळ कशावरून ठरवली. उत्तर देता आलं नाही तर त्या ग्रुपबरोबर जाऊ नका.

जामनगरकर_वहिनी
मी मूळची सांगलीची, मिस्टरांच्या नोकरीमुळे चौदा वर्षं इथे जामनगरला. पाहुणे आले की खिजडियाला नेणं हे माझं ठरलेलं काम आहे 🙂

बाबांसाठी खिजडिया एकदम योग्य. शहरापासून दहा-बारा किलोमीटर. संस्थानच्या काळात, १९२० च्या सुमारास, नद्यांचं गोडं पाणी समुद्रात जाऊ नये आणि खारं पाणी जमिनीत शिरू नये म्हणून इथे बांध घातला. त्यामुळे बांधाच्या एका बाजूला गोड्या पाण्याची तळी, दुसऱ्या बाजूला खाजण आणि तिवरं. एकाच रस्त्यावर उभं राहून डावीकडे बदकं आणि कमळपक्षी, उजवीकडे रोहित आणि शेकाट्या. २०२२ ला पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आलं. रस्ता सपाट, मधे बसायला जागा आहेत, मनोरे आहेत (मनोऱ्यावर नाही चढले तरी काही बिघडत नाही). काळ्या मानेचा करकोचा इथे बऱ्याचदा दिसतो, डाल्मेशियन पेलिकन असतात, आणि संध्याकाळी क्रौंच पक्ष्यांच्या रांगा आवाज करत मुक्कामाला येतात ते बघायला सूर्य मावळेपर्यंत थांबा.

नराऱ्याचं खरं सांगते. जामनगरहून साठेक किलोमीटर, वाडिनारच्या पुढे. मरीन नॅशनल पार्कचा भाग आहे, परवानगी लागते आणि तिथला स्थानिक गाईड बरोबर असतो. ही मुलं पाण्यात हात घालून ऑक्टोपस कुठल्या कपारीत आहे ते दाखवतात, फार जाणकार आहेत. पण चालायचं ते आधी चिखलातून, मग शेवाळलेल्या खडकांवरून, घोट्याएवढ्या पाण्यातून. ऑपरेशन झालेल्या गुडघ्याला मी तरी खडकांवर नेणार नाही. सुरय दादा म्हणतात तसं बाबांना काठावर घडीच्या खुर्चीत बसवा, गाईडला आधीच सांगून ठेवा, आणि भरती चढताना पक्षी त्यांच्यासमोर येऊ देत. माझ्या सासऱ्यांना असंच नेलं होतं. आम्ही दोन तास चिखल तुडवून आलो आणि आमच्यापेक्षा जास्त पक्षी त्यांनी बसल्या जागी बघितले होते.

आणि तारखांबद्दल मलाही बोलायचंय. १४-१५ ला उत्तरायण, म्हणजे इकडची संक्रांत. पतंग दोन दिवसच नाही उडत, आठवडाभर आधीपासून आकाश मांज्यानं भरलेलं असतं. दरवर्षी जखमी पक्ष्यांसाठी सरकार आणि स्वयंसेवक मिळून करुणा अभियान चालवतात, तरी पंख कापलेले पक्षी बघायला मिळतातच, मला ते दरवर्षी बघवत नाही. जमलं तर उत्तरायण होऊन गेल्यावर या.

लाखोटा तलावावर कुरव पक्ष्यांना (सीगल) लोक गाठिया टाकतात. कृपा करून तुम्ही टाकू नका, बाबांच्या हातातही देऊ नका. तळलेलं आणि खारट आहे ते, समुद्रावरून मासे खात आलेल्या पक्ष्याच्या पोटात कशाला. तिथे नीट बघितलंत तर इंडियन स्किमर दिसू शकतो, खालची चोच वरच्यापेक्षा लांब असलेला. आणि दिवस मावळताना शहरावर भोरड्यांचे (गुलाबी मैनांचे) थवे येतात, हजारोंनी, एखादी ओढणी वाऱ्यावर फिरवावी तसे. त्याला काही बुकिंग लागत नाही, गच्ची पुरते.

तिवर
मी लेन्सवाला, म्हणून त्या मुद्द्यावर लिहितो. सगळे लेन्सवाले वाईट नसतात पण ग्रुपचा नियम काय आहे हे आधी विचाराच. मी एका ट्रिपला होतो, ग्रुप कुठला ते लिहीत नाही, तिथे उडतानाचे फोटो हवेत म्हणून दोघं सरळ थव्यात चालत गेले, सगळा थवा उठला, पाणी चढलेलं, बसायला जागा उरली नव्हती, परत परत घिरट्या घालत होते. गाईड गप्प. मीही गप्प बसलो याचं मला आजही वाईट वाटतं.

लोकांना वाटतं उडाले तर काय झालं, पक्षीच आहे. अहो भरतीच्या वेळी त्यांची विश्रांतीची जागा दोन-चार वाळूच्या पट्ट्या एवढीच उरते, आणि खाऊन साठवलेली चरबी त्यांना परतीच्या प्रवासाला लागते. क्रॅब प्लोव्हरचं तर आणखी वेगळं आहे. इराणचं आखात, ओमान, सोमालिया अशा तापलेल्या किनाऱ्यांवर ते वाळूत बीळ खणून अंडं घालतात, बहुतेक वेळा एकच, पांढरंफटक. चिखल्या-तुताऱ्यांसारख्या किनारी पक्ष्यांची पिल्लं अंड्यातून निघाल्या निघाल्या पळायला लागतात, याचं पिल्लू बिळात राहून आईबापाच्या चोचीतून खातं. आणि हिवाळ्यात इथे आल्यावरही करड्या रंगाचं पिल्लू आईच्या मागे मागे चिवचिवत खेकडा मागत फिरताना दिसतं. बाबांना हे आधी सांगून ठेवा, करडे पिल्लू शोधायला सांगा, दुर्बिणीतून ते बघण्यात फोटोपेक्षा जास्त गंमत आहे.

दुर्बीण ८ बाय ४२ (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) असेल तर भरपूर झाली. पण ग्रुपकडे ट्रायपॉडवरचा स्पॉटिंग स्कोप (फार लांबचं दाखवणारी एका डोळ्याची दुर्बीण) आहे का ते विचारा, चरकलाला त्याच्याशिवाय मजा नाही, मिठागरांवर अंतरं फार. काळ्या मानेचे ग्रीब, छोटे रोहित, पल्लास गल असं सगळं लांब पाण्यावर असतं.

मुपो_अलिबाग
एवढ्या लांब कशाला, आपल्याकडे किहीम-आक्षी-नागावला काय कमी पक्षी येतात? वाळूवर थवेच्या थवे असतात हिवाळ्यात.

तिवर
@मुपो_अलिबाग येतात की, आक्षीला मी दरवर्षी येतो आणि सीगल वगैरे खूप बघतो, पण त्यांना क्रॅब प्लोव्हर बघायचाय. आक्षीला ट्रिपच्या आधी एक चक्कर मारून सराव करून यावा मात्र, चिखल्या-तुताऱ्यांची ओळख झाली की तिकडे गोंधळ होत नाही.

खाडीकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं नीट लिहिलंत. काल रात्री हे सगळं बाबांना वाचून दाखवलं. तिथीची पाऊणपट म्हटल्यावर ते उठून बसले, त्यांचं बालपण मुरुडजवळच्या गावात गेलंय, आजोबा जाळं टाकायला जायचे ते याच हिशेबावर, आणि मला हे त्यांनी आजवर कधी सांगितलं नव्हतं! मग भिंतीवरचं कालनिर्णय काढून बसले आणि म्हणाले सप्तमीला भांगाच्या पाण्यात कोण जातं.

आज आयोजकांना फोन केला. नराऱ्याची वेळ कशावरून ठरवली विचारल्यावर आधी म्हणाले आमचा नेहमीचाच प्रोग्राम आहे, पण त्यांचा पक्षी दाखवणारा मुलगा फोनवर आला आणि त्यानं कबूल केलं की १७ ते २० ची दुसरी बॅच जास्त चांगली, तेव्हा १८ ला अमावस्या आहे, त्या दिवशी ते पहाटे निघून ओहोटीला पोचतील आणि पाणी चढेपर्यंत थांबतील. स्कोप आहे. थव्याजवळ जायचं नाही हा नियमही आहे म्हणाला, तिवर दादा, मी लेखी मागितलाय. त्या बॅचमध्ये दोन जागा होत्या, घेतल्या. उत्तरायणही होऊन गेलेलं असेल.

वहिनी, दोन गोष्टी विचारायच्यात. घडीची खुर्ची तिथे मिळेल का आम्ही ट्रेनमधून आणू? आणि नराऱ्याला पहाटे वारा किती असतो, बाबांना कानटोपी आवडत नाही पण घालायला लावीन.

जामनगरकर_वहिनी
खुर्ची आणू नका, माझ्याकडे दोन आहेत, स्टेशनवर घेऊन येते. वारा असतो, सकाळी स्वेटर आणि कानटोपी दोन्ही लागेल, दहा वाजले की दोन्ही काढून टोपी आणि पाण्याची बाटली. बूट जुने आणा, बांधायचे, चपला चिखलात राहतात. आणि १९ ला संध्याकाळी बाबांना घेऊन आमच्या गच्चीवर चहाला या, भोरड्या साधारण सहाच्या पुढे यायला लागतात.