मदत हवी आहे : आईला घेऊन पून हिल (नेपाळ)

नमस्कार मंडळी. नोव्हेंबरमध्ये आईला घेऊन पून हिलखालच्या घोरेपानी गावाला जायचा विचार आहे. वय ६६, रोज तासभर चालते, पण डावा गुडघा उतरताना दुखतो. सूर्योदयाला पून हिलवरून (३,२१० मीटर) धौलागिरी आणि अन्नपूर्णा बघायची तिची फार वर्षांची इच्छा आहे, आणि ती मला यंदाच पूर्ण करायची आहे.

पोखऱ्याहून उल्लेरीपर्यंत जीपने जाऊ, पुढे घोरेपानीपर्यंत चालत. हे जमेल. खरी धास्ती गावापासून वरच्या दगडी पायऱ्यांची आहे. चढ सुमारे साडेतीनशे मीटरचाच, पण पहाटेच्या काळोखात, थंडीत. त्या दिवसांत पायऱ्यांवर दव गोठून निसरडं होतं का? आईच्या वयाच्या कुणाला नेलं असेल, तर चढायला किती वेळ लागला? घोरेपानीहून वर घोडा मिळतो का?

गर्दी टाळायला उजाडल्यावर सावकाश चढलो तर? नोव्हेंबरात ढग सहसा दुपारकडे येतात म्हणे, मग आठ-नऊपर्यंत शिखरं मोकळी असायला हवीत. गुरासाची (ऱ्होडोडेंड्रॉनची) फुलं मार्च-एप्रिलमध्ये असतात हे ठाऊक आहे, पण आईला हिमशिखरंच बघायची आहेत.

स्वतः जाऊन आलेल्यांनी कृपया सविस्तर लिहा.