थंडीत सासऱ्यांचं कानाचं मशीन पहाटे बंद पडतं, लवकर मदत हवी आहे

वस्तीवरची
आज रात्री परत शेतीच्या लाईटची पाळी आहे, म्हणून घाईत लिहितेय. नानांचं कानाचं मशीन पहाटे बंद पडतं. घरी आले की तासाभराने आपोआप चालू होतं. सेल नवीन आहेत, टाकून चार दिवससुद्धा झाले नाहीत. ज्यांच्याकडून मशीन घेतलं ते म्हणतात, थंडीत काढून ठेवा. काढून कसं चालेल? काय करू सांगा.

मुळाकाठ
ताई, मशीन कोणतं? कानामागचं की कानात बसणारं? सेल कुठल्या नंबरचा? पहाटे नाना नेमके कुठे असतात? हे कळल्याशिवाय काय सांगणार?

चार्जिंगवाला
सेलची कटकटच नको. माझ्या आईला चार्जिंगचं घेतलं, दोन वर्षं झाली, सेल कोपऱ्यावरच्या दुकानातसुद्धा मागावा लागला नाही. तेच घ्या.

वस्तीवरची
नवीन घ्यायला आत्ता पैसे नाहीत, द्राक्षं अजून उतरायची आहेत. मशीन कानामागचं आहे, दोन्ही कानांना, खाली नळी आणि कानात साचा, म्हणजे कानाच्या मापाचं बूच. सेलच्या पाकिटावर नारिंगी पट्टी आहे. आम्ही निफाड तालुक्यात राहतो, गोदाकाठाला. पारा पाच-सहा अंशांवर आलाय. नाना रात्री दोनला मोटर चालू करायला जातात आणि उजाडेपर्यंत बागेतच असतात. शेजारी ऊस आहे, बिबट्याचा वावर आहे. आम्ही हाका मारतो त्या त्यांना ऐकू यायला नकोत का?

गोदाकाठचा
मग आधी त्यांना एकट्याला पाठवणं बंद करा! आमच्याकडे कोणीच रात्री एकटं बाहेर पडत नाही. हातात बॅटरी, काठीला घुंगरू, आणि दोघंजण. मशीनचं नंतर बघा.

वस्तीवरची
दादा, मालक टेम्पोवर असतात, आठवड्यातून तीन रात्री घरी नसतात. मी जाते नानांबरोबर. पण मी बांधाच्या या टोकाला, ते त्या टोकाला. म्हणून तर मशीन पाहिजे.

कॅलगरीचा_पाहुणा
मी स्वतः मशीन वापरतो. इकडे कॅनडात उणे २५ असतं. नारिंगी पट्टी म्हणजे १३ नंबर. हे सेल हवा घेऊन चालतात आणि गारठ्यात त्यांचा जोर उतरतो. उबेला आले की परत चालतात. तुमच्याकडे अगदी तेच होतंय. जादा सेल आतल्या खिशात, अंगाच्या उबेला ठेवायला सांगा. आणि चार्जिंगवाल्या दादांना सांगतो, माझं चार्जिंगचंही इथे बाहेर लवकर उतरतं. गार पडलेलं मशीन लगेच चार्जरवरही लावायचं नसतं.

श्रवण_ताई
मी ऑडिओलॉजिस्ट आहे, ऐकणं तपासून मशीन बसवून देते. कॅलगरीचं निफाडला लावू नका. पाच अंशांत, तेही कानटोपीखाली, सेल इतका गार होत नाही. मला नळीचा संशय आहे. कानातली हवा उबदार आणि दमट असते, नळी बाहेरून गार पडते, आत थेंब धरतो. एक थेंब नळी अडवायला पुरे. आवाज गेला की साचा आणि नळी मशीनच्या हुकापासून, म्हणजे वरच्या वाकड्या टोकापासून, ओढून काढा, मशीन मुठीत धरा. शिट्टी वाजली तर मशीन आणि सेल दोन्ही चांगले, अडचण नळीत. शिट्टी नाही वाजली तर सेल बदलून बघा.

कॅलगरीचा_पाहुणा
पंधरा वर्षं मशीन लावतोय, सेल गारठतो हे मी अनुभवलंय.

श्रवण_ताई
तुमचा अनुभव खोटा म्हणत नाही. पण या आजोबांना तासाभराने ऐकू येतं आणि नळी वाळायलाही तेवढाच वेळ लागतो. आणि एक सांगा, नव्या सेलचा कागद काढला की लगेच मशीनमध्ये टाकता का? पाच मिनिटं उघडा ठेवायचा, हवा घेऊ द्यायची, मग टाकायचा.

साताऱ्याचे_आजोबा
लसूण घालून तेल कोमट करा, रोज रात्री दोन थेंब कानात. थंडी बाधत नाही. मी ७४ वर्षांचा आहे, अजून फोनवर बोलतो.

श्रवण_ताई
आजोबा, राग मानू नका, पण मशीन लावणाऱ्याच्या कानात तेल घालू नये. मळ तेलात भिजून फुगतो, साच्याचं भोक बुजतं. पडद्याला छिद्र असलं तर तेल आत जाऊन दुखणं वाढतं. थंडीला कानटोपी पुरे.

साताऱ्याचे_आजोबा
आमच्या घरी तीन पिढ्या घालतात, कोणाला काही झालं नाही.

मुळाकाठ
मशीन तांदळाच्या डब्यात ठेवा, पाणी ओढून घेतो.

श्रवण_ताई
तांदूळ नको, पीठ माइकमध्ये बसतं. केस वाळवायचं यंत्र नको, चुलीजवळ तर नकोच. झाकणाच्या डबीत सिलिका जेलचे खडे घ्या, रात्रभर मशीन त्यात, सेल काढून. निळे खडे गुलाबी झाले की बदला. नळीतला थेंब काढायला रबरी फुगा मिळतो. फुंकर तोंडाने नको, तोंडाची वाफ परत नळीतच जाते.

योजना_माहिती
ऐकू कमी येणाऱ्यांना केंद्राच्या एडिप योजनेत मशीन मिळतं. उत्पन्नाचा दाखला आणि अपंगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेतही तपासणी होते.

गोदाकाठचा
थंडीपासून बाग वाचवायला जाताय ना? पहाटे ठिबक सोडा, विहिरीचं पाणी कोमट असतं. बांधाला शेकोट्या पेटवा, धूर झाला पाहिजे. आणि दिवसाची लाईट मागा, नाहीतर सौर पंपाला अर्ज करा. रात्रीची पाळी हेच मूळ दुखणं आहे.

वस्तीवरची
दादा, सौरचा अर्ज केलाय. एडिपचं मालक आले की बघते.
आज पहाटे चारला नाना हात हलवत आले, ऐकू येत नाही म्हणून. उजवं मशीन मुठीत धरलं, चांगली शिट्टी वाजली. मग नळी मोबाईलच्या टॉर्चसमोर धरली. साच्याच्या वरच्या वळणात थेंब होता, तांदळाच्या कणीएवढा. नळी तिरकी केली की इकडून तिकडे सरकायचा. फुगा घरात नव्हता, मालकांच्या टेम्पोचं टायर भरायच्या पंपाने अगदी हळू हवा मारली, मशीन वेगळं करून. नळी परत लावली आणि नाना म्हणाले, "मोटर बोलतेय की."

श्रवण_ताई
शाब्बास! मशीन वेगळं केलं हे फार बरं केलंत. तालुक्याला गेलात की नळी बदलून घ्या, ओलावा कमी धरणारी जाड नळी मागा. कानटोपी सैल विणीची हवी, मफलर कानावरून घट्ट नको, माइक झाकला जातो. दोन्ही मशीनना दोरी बांधून कॉलरला चिमटा लावा. मफलर काढताना मशीन बागेत पडलं तर सापडायचं नाही.

वस्तीवरची
दोरी आजच बांधते. पण डावं मशीन आज सकाळपासून सारखी शिट्टी मारतंय, कानटोपी काढली तरी. त्याच्या नळीत पाणी नाही, बघितलं.

श्रवण_ताई
साच्याचं भोक बघा, बुजलंय का? आणि त्या कानात तेल घातलं होतं का कोणी?

वस्तीवरची
विचारलं. परवा सासूबाईंनी घातलं होतं, कान दुखतो म्हणाले म्हणून. साच्याच्या भोकात पिवळं चिकट अडकलंय. दुखतंय हे मला आत्ता कळलं. आज डावं मशीन लावू देत नाही. पिंपळगावला कानाच्या डॉक्टरकडे नेते, दुपारची एसटी आहे.