मदत हवी आहे: आईच्या फोनवरचे लोनवाले कॉल बंद करायचेत, गिऱ्हाइकांचे नाही

हळदीचं_पान

नमस्कार मंडळी. जाणकारांनी जरा वेळ काढून वाचावं ही विनंती, धागा थोडा लांबलाय.

माझी आई सांगलीत घरून पुरणपोळ्या, दिवाळीचा फराळ आणि संक्रांतीला गुळपोळ्या करून देते. अकरा वर्षं झाली. दुकान नाही, पाटी नाही. एकाने खाल्लं की तो दुसऱ्याला नंबर देतो, तेवढ्यावर सगळं चालतं. त्यामुळे अनोळखी नंबर दिसला की आईच्या दृष्टीने ते नवं गिऱ्हाईक असतं आणि ती प्रत्येक फोन उचलते.

गेल्या वर्षी तिने एका प्रदर्शनात लकी ड्रॉचं कुपन भरलं. त्यामुळेच झालं की काय ते सांगता येणार नाही, पण साधारण तेव्हापासून पर्सनल लोन, क्रेडिट कार्ड, विमा, कुठल्याशा हायवेलगतचे प्लॉट असे फोन सुरू झाले ते थांबेनात.

गणपतीला घरी गेले तेव्हा मी हे जवळून पाहिलं. आई कणीक तिंबत होती. फोन वाजला. दोन्ही हात मनगटापर्यंत कणकेत. तिने हात परातीच्या काठावर निपटले, राहिलेलं पदराला पुसलं आणि करंगळी तेवढी कोरडी होती म्हणून करंगळीने फोन उचलला. पलीकडे रेकॉर्ड केलेला हिंदी आवाज. आई त्या आवाजाला म्हणाली, "नको हो ताई, कामात आहे मी." आवाज आपला बोलतच राहिला. आईला तो मध्येच कापणं बरं वाटेना, म्हणून ती क्षणभर तशीच कानाला फोन धरून उभी. दुपारी बारापर्यंत असे नऊ फोन आले.

माझ्याच्याने बघवेना. मी तिच्या फोनमध्ये डू नॉट डिस्टर्ब लावलं आणि फक्त सेव्ह केलेल्या नंबरांना परवानगी ठेवली. दिवसभर घर शांत. आईला वाटलं, यंदा ऑर्डरीच कमी आहेत. गौरीजेवणाच्या आदल्या संध्याकाळी विश्रामबागेतून एक बाई रिक्षा करून, पत्ता विचारत विचारत घरी आल्या. सकाळपासून चार वेळा फोन केला, कुणी उचललाच नाही म्हणाल्या. त्यांना पंचवीस पोळ्या हव्या होत्या. पुरण शिजायला टाकण्याची वेळ निघून गेली होती. नंतर कॉलची यादी उघडली तर सतरा मिस्ड कॉल. आई मला एका शब्दाने बोलली नाही, पण मला अजून चैन नाही.

तर प्रश्न असा आहे. नवं गिऱ्हाईक आणि लोनवाला, दोघंही अनोळखी नंबरच. यातला दुसराच तेवढा अडवता येतो का? फोन सॅमसंगचा, दोन सिमचा, तीनेक वर्षांपूर्वीचा. मी पुण्यात असते, बाबांना कमी ऐकू येतं, त्यामुळे फोन दुसऱ्या कुणाकडे देता येत नाही. दसरा झाला की फराळाच्या ऑर्डरी सुरू होतील.

खटपट्या

ताई, आधी ते डू नॉट डिस्टर्ब काढलंत का? काढलं नसेल तर आज फोनवर आईंना सांगून काढा, बाकीचं नंतर.

डीएनडी (डू नॉट डिस्टर्ब) या नावाच्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि निम्मे लोक इथेच फसतात. तुम्ही लावलं ती फोनमधली सोय. ती कॉल अडवत नाही, नुसती घंटी बंद करते. त्यात 'रिपीट कॉलर्स' असं एक बटण असतं. ते चालू असेल तर एकाच नंबरवरून पंधरा मिनिटांच्या आत दुसऱ्यांदा फोन आला की तो वाजतो. त्या बाईंनी तासातासाने केला असणार, म्हणून वाजला नाही.

दुसरं डीएनडी ट्रायचं, म्हणजे फोन कंपन्यांवर नियम लावणाऱ्या सरकारी संस्थेचं. ते सिम कंपनीच्या पातळीवर लागतं, त्याचा तुमच्या फोनच्या सेटिंगशी संबंध नाही. तुम्हाला ते हवंय.

आणि एक खड्डा आधीच दाखवून ठेवतो. फोन ॲपमध्ये ब्लॉक केलेल्या नंबरांच्या पानावर 'अननोन' नंबर ब्लॉक करण्याचं बटण असतं. लोक समजतात, सेव्ह नसलेले सगळे नंबर बंद. तसं नाही. ज्याने स्वतःचा नंबर लपवलाय तेवढेच कॉल त्याने अडतात. लोनवाले नंबर लपवत नाहीत, त्यामुळे ते चालू केलं तरी त्यांचा एकही कमी होणार नाही. गिऱ्हाईकही तुटणार नाही, तेव्हा खुशाल चालू ठेवा.

टॉवरखालचा

माझं रिचार्ज आणि सिमकार्डांचं दुकान आहे. दिवसाला दोन तरी माणसं हाच प्रश्न घेऊन येतात, म्हणून सविस्तर लिहितो.

आईंच्या फोनमधून १९०९ ला मेसेज करायचा. इंग्रजी मोठ्या अक्षरांत स्टार्ट, एक जागा सोडून शून्य. शून्य म्हणजे सगळ्या प्रकारच्या जाहिराती बंद. एखादाच प्रकार बंद करायचा तर शून्याच्या जागी त्याचा आकडा: १ म्हणजे बँक, विमा, कर्ज, क्रेडिट कार्ड. २ म्हणजे जमीन-घरं. पुढे शिक्षण, आरोग्य वगैरे आहेत, पण आईंचा त्रास या दोनांतलाच दिसतोय. तरी मी शून्यच सांगेन. दोन सिम असतील तर दोन्हींवरून वेगवेगळा मेसेज जायला हवा, हे लोक हमखास विसरतात. मेसेज पाठवताना कुठलं सिम निवडलंय ते बघा.

हळदीचं_पान

खटपट्या, डीएनडी त्याच रात्री काढलं होतं. टॉवरखालचा दादा, शून्य केलं तर बँकेचे ओटीपी बंद नाही ना होणार? आईचे निम्मे पैसे यूपीआयवर येतात. ते मेसेज थांबले तर पैसे आले की नाही ते तिला कळणारच नाही.

टॉवरखालचा

नाही होणार. ओटीपी, खात्यात पैसे जमा झाल्याचे मेसेज, गॅस बुकिंग हे जाहिरातीत धरत नाहीत, ते येतच राहतात. दुकानात पहिला प्रश्न सगळे हाच विचारतात.

पण खरी अडचण पुढे आहे, ती लपवत नाही. डीएनडीने थांबतात ते नोंदणी केलेले टेलिमार्केटर. त्यांचे नंबर १४० ने सुरू होतात. साध्या दहा आकडी मोबाईल नंबरवरून फोन करणारा एजंट कुठे नोंदलेलाच नसतो, तो डीएनडी कशाला बघेल? आज जास्त त्रास त्यांचाच आहे. त्यांना एकच औषध, तक्रार.

तक्रार पण १९०९ लाच. कॉल कशाबद्दल होता ते दोन-तीन शब्दांत, मग स्वल्पविराम देऊन नंबर, मग तारीख. टायपायचा कंटाळा असेल तर ट्रायचं डीएनडी ॲप आहे, त्यात कॉलच्या यादीतून नंबर निवडता येतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये ट्रायने नियम बदलले आणि ते आपल्या बाजूने आहेत. पूर्वी तीन दिवसांच्या आत तक्रार करावी लागायची, आता सात दिवस मिळतात. नोंदणी नसलेल्या नंबरावर कारवाई करायला कंपनीला पूर्वी तीस दिवस होते, आता पाच. आणि अशा नंबराविरुद्ध तक्रार करायला आधी डीएनडी घेतलेलं असलंच पाहिजे असंही राहिलं नाही. दहा दिवसांत पाच जणांनी तक्रार केली तर त्या नंबरावर कारवाई होते. पहिल्यांदा पंधरा दिवस त्याचे जाणारे कॉल बंद, परत तेच केलं तर एक वर्ष सगळी कनेक्शनं बंद.

म्हणून सांगतो, "एका तक्रारीने काय होतंय" म्हणू नका. तुमची पाचवी असू शकते.

आणि १६०० ने सुरू होणारे नंबर ब्लॉक करू नका. ते बँका आणि सरकारी कामाच्या कॉलसाठी ठेवलेत.

पितळी_डबा

हळदीचं_पान, वाचून पोटात तुटलं. मी ठाण्यात डबे करते, त्यामुळे कणकेच्या हाताने फोन उचलणं म्हणजे काय ते मला सांगायला नको.

माझा अनुभव सांगते. नाव दाखवणारं एक ॲप मी दोन वर्षं वापरलं. लाल पट्टी आली की उचलायचं नाही, हे खरंच सोयीचं होतं. पण सणाच्या आधी मी जुन्या गिऱ्हाइकांना "यंदा काही हवंय का" म्हणून ओळीने फोन लावले, त्यातल्या काहींनी माझा नंबर सेव्ह केलेला नव्हता, आणि कुणीतरी मलाच स्पॅम ठरवलं. महिनाभर लोकांना माझं नाव लाल दिसत होतं. मला ते एका बाईंनी सांगितलं तेव्हा कळलं. शिवाय अशी ॲप्स फोनमधली नंबरांची यादी मागतात. गिऱ्हाइकांनी आपल्यावर विश्वास ठेवून दिलेले नंबर असतात ते. मी ॲप काढून टाकलं. त्यापेक्षा सॅमसंगमध्ये आधीच असलेली सोय वापरा: फोन ॲप, वरचे तीन टिंब, सेटिंग्ज, त्यात 'कॉलर आयडी अँड स्पॅम प्रोटेक्शन'. ते चालू केलं की संशयित कॉल येतानाच पडद्यावर तसं लिहून येतं. तिथेच ब्लॉक करण्याचा पर्याय आहे, पण तो लगेच लावू नका. पहिले आठ-दहा दिवस नुसतं दिसू द्या. एखादं खरं गिऱ्हाईक त्यात अडकत नाही ना ते आईंनी बघू दे. मग 'फसवणुकीचा धोका जास्त' असलेले तेवढेच अडवा.

सिम एअरटेलचं असेल तर नेटवर्ककडूनच 'सस्पेक्टेड स्पॅम' असं दिसतं, सप्टेंबर २०२४ पासून. त्याला ॲप लागत नाही, पैसेही नाहीत.

आणि दुसरं सिम आहे ना? तो नंबर फॉर्मांना द्या. मॉलमधलं बिल, प्रदर्शन, कुपन, सगळीकडे तोच. ऑर्डरचा नंबर फक्त खाणाऱ्याला.

निवृत्त_पोस्टमन

मुली, एक गोष्ट आईला आजच सांग. लोनवाले त्रास देतात, पण पैसे नेणारे वेगळे असतात. "ट्रायमधून बोलतोय, दोन तासांत तुमचा नंबर बंद होणार, नऊ दाबा" असा फोन आला तर काही न दाबता ठेवून द्यायचा. ट्राय कुणाचा नंबर बंद करायला फोन करत नाही. पोलीस असल्याचं सांगून व्हिडिओ कॉलवर बसवून ठेवतात, त्या "डिजिटल अटक" नावाची गोष्ट कायद्यात नाही. आमच्या गल्लीतले एक गृहस्थ सहा तास व्हिडिओ कॉलसमोर बसून होते, घरच्यांना सांगायचं नाही असा दम दिला होता. सूनबाई लवकर घरी आल्या म्हणून वाचले.

अशा कॉलची माहिती सरकारच्या संचार साथी या संकेतस्थळावरच्या चक्षू विभागात देता येते. पैसे गेलेच तर तडक १९३०, ही सायबर फसवणुकीची हेल्पलाईन. तिथे पहिला तासभर महत्त्वाचा, उद्या बघू म्हणायचं नाही. तुझी आई रेकॉर्डिंगला "नको हो ताई" म्हणते, म्हणजे तिला कुणाचंही बोलणं तोडणं जड जातं. नेमकी अशीच माणसं त्यांना हवी असतात. तिला सांग, फोन ठेवणं म्हणजे उर्मटपणा नाही.

हळदीचं_पान

मंडळी, तीन आठवडे झाले. कळवायला उशीर झाला, पण नुसतं आभार मानून पळायचं नव्हतं, काय झालं ते बघून लिहायचं होतं.

दोन्ही सिमवरून शून्य पाठवलं. आईच्या ऑर्डरच्या वहीच्या मागच्या पानावर तिला दोन रकाने आखून दिले, खरा फोन आला की टिंब, नको असलेला आला की फुली. पहिल्या आठवड्यात रोज बारा-चौदा फुल्या होत्या. रोज रात्री नऊला ती मला नंबर आणि तारखा वाचून दाखवायची आणि तक्रार मी सांगेन तशी ती स्वतः टाइप करायची, कारण मेसेज तिच्याच फोनवरून जायला हवा. चौथ्या दिवसापासून तिने मला विचारणं सोडलं. आता ती दुपारी भांडी आवरली की स्वतःच करते. आतापर्यंत एकतीस तक्रारी झाल्या. सहा नंबरांवर कारवाई झाल्याचा मेसेज आला. चार तक्रारी फेटाळल्या गेल्या, त्यांचं कारण मला पटलं नाही, पण नंबर परत आले तर परत करणार आहोत.

या आठवड्यात रोज तीन-चार फुल्या आहेत. शून्य नाही झाल्या. पडद्यावर संशयित लिहून आलं की आई आता कणकेतले हात काढत नाही, वाजू देते. ब्लॉक अजून लावलेलं नाही. पितळी_डबा, तुम्ही थांबायला सांगितलंत ते फार बरं झालं, कारण एक कॅटरर आहेत, त्यांच्या नंबरवर तशी खूण येत होती आणि त्यांनी चाळीस करंज्यांची ऑर्डर दिली. ज्या आज्जी नेहमी फोन करतात त्यांचे नंबर मी बसून सेव्ह केले, त्र्याहत्तर निघाले. व्हॉट्सॲपवर अनोळखी कॉल गप्प करण्याचं बटण मात्र लगेच चालू केलं, कारण तिथे खरं गिऱ्हाईक मेसेज करतंच.

काका, तुमचं बोलणं तिला मोठ्याने वाचून दाखवलं. परवा तिने रेकॉर्डिंग मध्येच तोडलं आणि मला फोन करून सांगितलं.

विश्रामबागेतल्या त्या काकूंना मी स्वतः फोन करून माफी मागितली. त्यांनी दिवाळीची दोन किलो चकली सांगितली आहे.

नागपुरी_संत्रं

धागा साठवून ठेवतोय. माझ्या मामांकडे अजून लँडलाईन आहे, त्यावर पण प्लॉटवाले येतात. तिथून मेसेज कसा करायचा?

टॉवरखालचा

मेसेज नाही लागत. त्याच लँडलाईनवरून १९०९ लावा आणि ते सांगतात तसं करत जा. फोन मामांनाच लावायला सांगा, नोंद ज्या लाईनवरून कॉल कराल तिचीच होते.